वार्धक्यात मोडलेला दंड : शस्त्रक्रिया केव्हा व केव्हा नाही

उतारवयात पडल्यामुळे जी हाडे मोडतात, त्यांत तीन ठिकाणे नेहमीची आहेत : खुबा, मनगट आणि दंडाचा खांद्यालगतचा भाग. खुबा मोडला म्हणजे माणूस अंथरुणाला खिळतो, म्हणून त्याची धास्ती सर्वांनाच असते. मनगट तर डोळ्यांदेखत वाकडे झालेले दिसते. परंतु दंडाच्या अस्थिभंगाविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. आणि म्हणूनच तो प्रसंग घरात उद्भवला की माणसे दोन टोकांपैकी एका टोकाला जातात. कोणी म्हणतो, "आता या वयात हात असाच राहायचा, शेकावे, चोळावे आणि गप्प बसावे." दुसरा म्हणतो, "आज रात्रीच शस्त्रक्रिया करून टाका, पैशाकडे पाहू नका." ही दोन्ही मते प्रेमापोटी मांडली जातात, आणि दोन्हींमुळे वृद्ध माणसाचे नुकसान होऊ शकते. या दोहोंमधला विवेकाचा मार्ग कोणता, हे आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम ही दुखापत कशी होते ते पाहू. दंडात एकच लांब हाड असते. त्याचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असून ते खांद्याच्या उथळ वाटीत फिरते. या गोलाच्या बाजूला दोन उंचवटे असतात आणि त्यांना खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या कंडरा चिकटलेल्या असतात. गोलाच्या व उंचवट्यांच्या खाली हाड एकदम निमुळते होते. शल्यवैद्य या जागेला हाडाची मान म्हणतात, आणि म्हातारपणी हाड बहुधा येथेच मोडते. तरुणाचा दंड मोडायला मोटारसायकलचा अपघात लागतो. सत्तरीच्या आजींना न्हाणीघरातील ओली फरशी पुरते. दांडिया बाजारातील किंवा रावपुऱ्यातील एखाद्या जुन्या घराचा अंधारा जिना, उंबरठ्याशी गोळा झालेले पायपुसणे, पावसाळ्यात शेवाळलेला ओटा, एवढे कारण पुरेसे होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळते, कारण पाळी थांबल्यानंतर त्यांची हाडे झपाट्याने विरळ होतात. या विरळपणालाच डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

हाडे बसवण्याची विद्या आपल्या बडोद्याला नवी नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न प्रा. माणिकराव यांचे नाव जुन्या पिढीला आजही ठाऊक आहे. व्यायामशिक्षक म्हणून त्यांची जेवढी कीर्ती होती, तेवढीच मोडलेली व निखळलेली हाडे जागेवर बसवण्याबद्दलही होती. त्याच्याही मागे जायचे तर सुश्रुतसंहितेकडे जावे लागेल. हाड मोडण्याचे बारा व सांधा निखळण्याचे सहा प्रकार तेथे सांगितले आहेत. बंध फार सैल असेल तर हाड स्थिर राहत नाही, फार घट्ट असेल तर सूज व वेदना होते, असा इशारा तेथे आहे. बालवयात जे हाड महिन्याभरात स्थिर होते, त्याला मध्यमवयात दुप्पट व उत्तरवयात तिप्पट काळ लागतो, असेही निरीक्षण आहे. आणि कृश व वृद्ध यांचा अस्थिभंग कष्टसाध्य होय, असे स्पष्ट म्हटले आहे. इतक्या जुन्या काळी, क्ष-किरणांची कल्पनाही नसताना, केवळ हातांच्या व डोळ्यांच्या बळावर केलेली ही निरीक्षणे आहेत. त्यांच्याविषयी आदर बाळगूनच एक गोष्ट सांगितली पाहिजे. बोटांना जे कळत नाही ते क्ष-किरण दाखवतात. हाडाचे किती तुकडे झाले, गोल वाटीत आहे की बाहेर सरकला आहे, हे चित्रावाचून कळत नाही. म्हणून चित्र काढण्यापूर्वी मोडलेल्या दंडावर मालिश करणे, तो ओढणे किंवा बांबूच्या कामट्यांनी करकचून बांधणे हे धोक्याचे आहे. मालिशने सांधा आखडतो. घट्ट बंधाने रक्त थांबून हात गमावण्याचीही वेळ येऊ शकते.

मग पडल्यावर पहिल्या तासात काय करावे? हात जसा असेल तसाच छातीशी धरून एखाद्या उपरण्याच्या किंवा साडीच्या झोळीत ठेवावा. त्या हातातील बांगड्या, पाटल्या, अंगठ्या ताबडतोब काढाव्यात. पुष्कळ आजींना हे पटत नाही. हातातले सौभाग्यलेणे उतरवायला मन धजत नाही. पण दोन तासांनी हात सुजला म्हणजे तीच बांगडी कापावी लागते, हे त्यांना समजावून सांगावे. नंतर रुग्णालय गाठावे. तेथे डॉक्टरांनी चित्राबरोबरच दोन गोष्टी अवश्य पाहाव्या लागतात. मनगटाची नाडी लागते का, ही एक. आणि हाताच्या मज्जातंतूंना इजा झाली आहे का, ही दुसरी. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळत नसेल किंवा मनगट वर उचलता येत नसेल, तर रोग्याने व नातेवाइकांनी ते आपण होऊन सांगावे. आणखी एक सूचना : दोन-चार दिवसांत दंडावर, कोपरापर्यंत, कधी छातीवरही काळेनिळे डाग उतरतात. ते पाहून घरची मंडळी घाबरतात. हे आतले रक्त खाली उतरल्याचे चिन्ह असून बहुधा ते काही आठवड्यांत आपोआप नाहीसे होते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. शस्त्रक्रिया करावी की करू नये?

या शस्त्रक्रियेचा इतिहास थोडक्यात पाहिल्यास प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येईल. खांद्याचा पहिला कृत्रिम सांधा १८९३ साली पॅरिस येथे पेआँ या शल्यवैद्याने बसवला. रोगी क्षयाने पीडित होता. सांधा प्लॅटिनम व कठीण रबराचा होता. दोन वर्षांनी जंतुदोषामुळे तो काढावा लागला. बोस्टनच्या कॉडमन यांनी १९३४ साली असे दाखवले की दंडाचे वरचे टोक मोडते तेव्हा ते साधारणतः चार ठरावीक भागांत मोडते. त्याच धाग्यावर अमेरिकन शल्यवैद्य नीअर यांनी १९७० साली या अस्थिभंगांचे वर्गीकरण केले, आणि ते आजही वापरले जाते. एखादा भाग एक सेंटीमीटरपेक्षा अधिक सरकला किंवा ४५ अंशांपेक्षा अधिक कलला, तर तो जागचा हलला असे मानावे, हा त्यांचा नियम. विसाव्या शतकाच्या अखेरीस व एकविसाव्याच्या आरंभी अशा धातूच्या पट्ट्या आल्या की त्यांतले स्क्रू पट्टीतच घट्ट बसतात. विरळ हाडातही त्यांची पकड बरी राहते, म्हणून त्यांचे मोठे स्वागत झाले. तुकडे पुन्हा जुळवून चित्र पूर्ववत करता येऊ लागले.

परंतु श्रोतेहो, चित्र पूर्ववत होणे आणि हात पूर्ववत होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हातारपणी हाडाचा गोल आतून पोकळ झालेला असतो. स्क्रू कितीही चांगला असला तरी ज्यात तो रुतायचा तेच भुसभुशीत असेल तर कालांतराने गोल खाली बसतो आणि स्क्रूचे टोक सांध्यात शिरते. शिवाय गोलाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या फार बारीक असतात. हाड मोडताना त्या तुटल्या तर उत्तम जुळवलेला गोलही पुढे मृत होऊ शकतो. मग दुसरी शस्त्रक्रिया, दुसऱ्यांदा भूल. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार सोबत असलेल्या शरीराला हा भार हलका नसतो.

म्हणून ब्रिटनमधील तज्ज्ञांनी हा प्रश्न मतांवर न सोडता प्रयोगाने सोडवायचे ठरवले. २००८ ते २०११ या काळात तेथील सरकारी आरोग्यसेवेच्या ३२ रुग्णालयांतून २५० रोगी या चाचणीत घेतले गेले. सर्वांच्या दंडाचे वरचे टोक मोडून जागचे हललेले होते. सरासरी वय ६६ होते. चारांतल्या तीनांहून अधिक स्त्रिया होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने निम्म्यांना शस्त्रक्रिया व निम्म्यांना केवळ झोळी असे उपचार ठरवले गेले. व्यायाम दोन्ही गटांना होता. दोन वर्षे त्यांची विचारपूस केली गेली : कपडे घालता येतात का, केस विंचरता येतात का, रात्री दुखते का, बाजारातून सामान आणता येते का. अशा बारा प्रश्नांना मिळून ४८ गुण होते. दोन वर्षांतील सरासरी शस्त्रक्रिया झालेल्यांची ३९.०७ आणि न झालेल्यांची ३८.३२ आली. म्हणजे व्यवहारतः काहीच अंतर नाही. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतरच्या पाहणीतही चित्र पालटले नाही. २०२२ साली या अस्थिभंगाच्या उपचारांविषयीच्या जगभरातील ४७ चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या, तेव्हाही हेच दिसले की, सरकलेल्या बहुसंख्य अस्थिभंगांत शस्त्रक्रियेमुळे एक-दोन वर्षांनंतरचा हात अधिक चांगला होत नाही.

याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असा कोणी काढील, तर ती मोठी चूक होईल. या चाचणीतून काही रोगी मुद्दामच वगळलेले होते, आणि ते कोण हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. ज्यांचा गोल वाटीतून निखळलेला होता, ज्यांचे हाड त्वचा फाडून बाहेर आले होते, ज्यांना शस्त्रक्रिया उघडच आवश्यक होती, ते तीत नव्हते. अशा रोग्यांना आजही शस्त्रक्रियेचीच गरज असते, आणि ती लवकर व्हावी लागते. हाताचा रक्तपुरवठा तुटला असेल, गोलाचीच शकले झाली असतील, तुकडे एकमेकांपासून इतके दूर गेले असतील की हाडाला हाड भिडतच नाही, किंवा एखाद्या गाठीने पोखरलेले हाड मोडले असेल, तरीही शल्यवैद्याची मदत घ्यावी लागते. काही रोग्यांत महिने लोटूनही हाड जुळत नाही. तेथे नंतर केलेली शस्त्रक्रियाही उपयोगी पडते.

याच संदर्भात एका नव्या साधनाची ओळख करून दिली पाहिजे. १९८५ साली फ्रान्समधील दिजाँ येथे ग्रामाँ या शल्यवैद्यांनी खांद्याचा सांधा उलटा करण्याची युक्ती काढली. निसर्गात गोल दंडाला व वाटी खांद्याच्या फऱ्याला असते. त्यांनी गोल फऱ्याला बसवला व वाटी दंडाला. वरवर हा विनोद वाटेल, पण त्यामागे यंत्रशास्त्र आहे. खांदा फिरवणाऱ्या कंडरा म्हातारपणी झिजलेल्या असतात आणि अस्थिभंगात त्यांचे उंचवटेही तुटतात. सांधा उलटा केला म्हणजे त्या कंडरांवर फारसे अवलंबून न राहता खांद्यावरचा मोठा त्रिकोणी स्नायू एकटा हात उचलू शकतो. नॉर्वेमध्ये ६५ ते ८५ वर्षे वयाच्या १२४ रोग्यांवर पट्टी व उलटा सांधा यांची तुलना झाली; तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. हाड फार सरकलेल्या या रोग्यांत दोन वर्षांनी उलट्या सांध्याला शंभरपैकी ६८ व पट्टीला सुमारे ५५ गुण पडले. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, सत्तरीच्या आसपास हाडाचा चुरा झाला असेल आणि शस्त्रक्रिया करायचीच असेल, तर पट्टीपेक्षा उलटा सांधा पुष्कळदा बरा. मात्र ही तुलना दोन शस्त्रक्रियांची होती, झोळीशी नव्हती, हे विसरता कामा नये. त्याचप्रमाणे हा सांधा बसवण्याचे कसब ज्यांनी अनेकदा वापरले आहे, अशाच हातांनी तो बसवलेला बरा.

दंडाचे हाड वर न मोडता मधोमध मोडले असेल तर विचार थोडा वेगळा असतो. तेथे १९७७ पासून सार्मिएंतो या शल्यवैद्यांच्या पद्धतीचा, दंडाला चहूबाजूंनी धरणारा पट्टा प्रचारात आहे. तो घालून कोपर व मनगट हलवता येते, आणि बहुतेक हाडे त्यातच जुळतात. या ठिकाणी हाडाला लगटून जाणारा एक मज्जातंतू दुखावून मनगट लुळे पडण्याचा संभव असतो. बहुसंख्य रोग्यांत ते काही महिन्यांत आपोआप सुधारते. पण पट्टा वृद्धाच्या अंगाला सोसत नसेल, किंवा हाड जुळण्याचे चिन्ह दिसत नसेल, तर पट्टी किंवा हाडाच्या पोकळीत बसवायची सळई यांचा आधार घ्यावा लागतो.

आता ज्यांना शस्त्रक्रिया नको असे ठरते, त्यांच्याविषयी. "काही केले नाही" असे त्यांच्याबाबतीत घरचे म्हणतात, आणि या शब्दांतच पुढच्या दुर्लक्षाचे बीज असते. शस्त्रक्रिया न करणे म्हणजे उपचार न करणे नव्हे. उलट येथे उपचाराचा भार शल्यवैद्याच्या हातून रोग्याच्या व घरच्यांच्या हाती येतो.

पहिले दोन-तीन आठवडे हात झोळीत ठेवायचा असतो. पाठीशी उशा रचून अर्धवट बसते निजावे. सपाट निजल्यास तुकडे हलून दुखते. दंडामागे एक लहान उशी ठेवावी. बसताना मात्र कोपर उशीवर टेकवून खांदा वर ढकलू नये, कारण हाताच्या स्वतःच्या वजनानेच तुकडे ओळीत राहण्यास साह्य होते. काखेत घाम साचून कातडे सोलवटते, आणि आपल्या गुजरातच्या उन्हाळ्यात तर फारच. म्हणून पुढे किंचित वाकून, हात लोंबता ठेवून काख रोज पुसून कोरडी करावी. सदरा घालताना दुखरा हात आधी व काढताना शेवटी, हे सूत्र ध्यानात ठेवावे. बोटे, मनगट व कोपर पहिल्या दिवसापासून हलवत राहावे. नाहीतर खांदा बरा होतो आणि बोटे आखडून बसतात.

त्यानंतर लंबकाचा व्यायाम. निरोगी हाताने टेबल धरून पुढे वाकावे, दुखरा हात सैल सोडावा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलके झुलवावा, मग लहान वर्तुळात फिरवावा. हाड फारसे सरकलेले नसेल तर डॉक्टर पहिल्या आठवड्यातच याची परवानगी देतात. अशा रोग्यांत लवकर हालचाल सुरू केल्यास दुखणे लवकर ओसरते, असा अनुभव चाचण्यांतूनही आला आहे. सहा आठवड्यांनी बहुधा हाड धरू लागते. मग हात वर नेण्याचे व पुढे ताकदीचे व्यायाम येतात. तोवर त्या हाताने जड उचलू नये, किंवा खुर्चीवर त्या हाताचा रेटा देऊन उठू नये. सुधारणा वर्षभर चालू राहते. व्यायाम ज्ञानकोशाचे दहा मराठी खंड ज्या नगरीतून प्रसिद्ध झाले, त्या नगरीत व्यायामाचे माहात्म्य मी निराळे सांगायला नको. पहिलवानाच्या जोराइतकाच आजींच्या या लंबकालाही नियम व चिकाटी लागते. आणि त्या चिकाटीसाठी घरातले कोणीतरी रोज दहा मिनिटे शेजारी उभे राहावे लागते. फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून एकदा नेणे पुरेसे नाही. बाकीचे सहा दिवस घरचेच असतात.

येथे मला निर्णयाच्या प्रश्नाविषयी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. आपल्याकडे वृद्धाचा हात मोडला की निर्णय वृद्ध सोडून बाकी सर्वजण घेतात. एक मुलगा पुण्याहून, दुसरा अमेरिकेहून दूरध्वनीवर सल्ला देतो. शेजारी आपल्या मावशीची हकिगत सांगतात. आणि ज्यांचा हात आहे त्या आजी कोपऱ्यात बसून सर्वांची तोंडे पाहत असतात. परगावच्या मुलांची तळमळ खरी असते. आपण जवळ नाही, ही खंत त्यांना टोचत असते, आणि मोठी शस्त्रक्रिया केली म्हणजे कर्तव्य पार पडले असे मनाला वाटते. परंतु शस्त्रक्रिया ही मुलांच्या समाधानासाठी नसून आजींच्या हातासाठी आहे. त्यांना विचारावे की, या हाताने तुम्हाला काय करायचे आहे? एखादीला देवाच्या फळीवरची समई उचलायची असते. एखाद्याला स्वतःचे धोतर स्वतः नेसायचे असते, काठी धरून सयाजीबागेत फिरून यायचे असते. एखादा अजून दुकानात उभा राहून फळ्यांवरचा माल काढत असतो. गरजा निराळ्या, म्हणून उत्तरेही निराळी. खांद्याच्या वर हात न गेला तरी ज्यांचे चालते, त्यांनी वाकड्या जुळलेल्या हाडाचे भय बाळगू नये. वाकडे जुळलेले हाड न दुखता नित्याची कामे करते, असे पुष्कळदा पाहायला मिळते.

सुदैवाने, मघाशी सांगितलेले निकडीचे प्रसंग सोडल्यास, निर्णय त्याच रात्री घ्यावा लागत नाही. विचाराला, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायला काही दिवस मिळतात. डॉक्टरांना चार प्रश्न निःसंकोच विचारावेत. शस्त्रक्रिया न केल्यास वर्षाने हात कसा असेल? केल्यास त्याहून किती बरा असेल? माझ्या वयाला व इतर आजारांना तिचे धोके कोणते? आणि ही शस्त्रक्रिया आपण स्वतः वर्षातून किती वेळा करता? चांगल्या डॉक्टराला अशा प्रश्नांचा राग येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास, मधुमेह असल्यास, तंबाखूची सवय असल्यास तेही न लपवता सांगावे. तंबाखूमुळे हाड जुळण्यास अडथळा येतो.

खर्चाचा विषय टाळून चालणार नाही. शस्त्रक्रिया आवश्यक असेल तर पैशाअभावी ती राहू नये. आपल्या शहरात १९४९ साली निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले सर सयाजीराव जनरल रुग्णालय आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळू लागले आहे. त्याचे कार्ड आजारपण येण्यापूर्वीच काढून ठेवावे. पण कार्ड आहे म्हणून शस्त्रक्रिया, हा न्याय उलटा होय. पैसे कोणीही भरले तरी भूल आणि जखम आजींनाच सोसावी लागते.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दंड मोडला हा केवळ दंडाचा आजार नाही. तो सर्व हाडांनी दिलेला इशारा आहे. दंड मोडलेल्या वृद्धाचा खुबा पुढच्या वर्षभरात मोडण्याचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ वाढलेला असतो. हाताचे हाड जुळले, झोळी सुटली, म्हणजे प्रकरण संपले असे समजून आपण घरी येतो आणि खरा रोग तसाच मागे राहतो. म्हणून हाडांची घनता मोजण्याची तपासणी करून घ्यावी, ड जीवनसत्त्व पाहावे, आणि हाडे बळकट करणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावे. त्यांतील आठवड्याच्या गोळ्या उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हायचे नसते. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे औषधही आहे. केवळ कॅल्शियमच्या गोळ्यांवर विसंबून राहू नये.

त्याचबरोबर आपण पडलो का, याचाही शोध घ्यावा. श्रीअरविंद १८९३ ते १९०६ या काळात आपल्या बडोदे संस्थानच्या सेवेत होते. पुढे पाँडिचेरी येथे १९३८ च्या नोव्हेंबरात, वयाच्या ६६ व्या वर्षी, रात्री खोलीत अंथरलेल्या व्याघ्राजिनाला अडखळून ते पडले आणि त्यांच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. योग्याच्या खोलीत व्याघ्राजिन होते. आपल्या खोलीत सतरंजीची दुमडलेली कड असते. मोतिबिंदू झालेले डोळे, झोपेची गोळी, उठताच येणारी घेरी, मोठ्या मापाची चप्पल, रात्री न जळणारा दिवा, अशी कितीतरी कारणे दूर करता येण्याजोगी असतात. न्हाणीघरात एक भक्कम दांडा बसवणे, जिन्याला कठडा लावणे, उशाशी दिवा ठेवणे यांना फारसा खर्च येत नाही.

तेव्हा श्रोतेहो, घरातील वडीलधाऱ्या माणसाचा दंड मोडला तर घाईने मालिशवाल्याकडे नेऊ नका, आणि घाईने शस्त्रक्रियेच्या टेबलावरही नेऊ नका. चित्र काढा, जाणत्याला विचारा, आणि ज्यांचा हात आहे त्यांचे म्हणणे आधी ऐका. शस्त्रक्रिया आवश्यक ठरली तर निर्भयपणे करवून घ्या. नको असे ठरले तर झोळी व व्यायाम यांना शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व द्या. आणि हात बरा झाल्यावर एक दिवस सवड काढून घरभर हिंडून पाहा, की पुढची ठेच कोठे लागण्यासारखी आहे. ती जागा त्याच दिवशी नीट करून टाका.